अकरावीतली ‘एपी यूएस हिस्ट्री’: नऊ महिन्यांनंतर

गेल्या वर्षी लेकीने अकरावीचे विषय निवडले, तेव्हा ओळखीतल्या बऱ्याच जणांनी सांगितलं, ‘इतिहास कशाला? त्यापेक्षा आणखी एक सायन्स घे.’ तिने इतिहासच घेतला, म्हणजे ‘एपी (ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट) यूएस हिस्ट्री’: शाळेतच शिकवला जाणारा, कॉलेजच्या पातळीचा अमेरिकेच्या इतिहासाचा कोर्स. सप्टेंबरपासून मेपर्यंत मी तिच्याबरोबर जवळजवळ सगळं वाचलं. माझं शालेय शिक्षण साताऱ्यात मराठी माध्यमात झालं, त्यामुळे हा इतिहास मलाही नवाच होता. ज्यांच्या घरी आता विषय निवडायची वेळ आली आहे, त्यांच्यासाठी लिहितेय. लिहितेय ते मुख्यतः सुरुवातीच्या भागाबद्दल, म्हणजे १८०० पर्यंतच्या. आमच्या घरात सगळ्यात जास्त चर्चा त्याचीच झाली.

अभ्यासक्रमाचे नऊ कालखंड आहेत आणि पहिला १४९१ मध्ये सुरू होतो. कोलंबस येण्याच्या आदल्या वर्षी. म्हणजे इथे आधी कोण राहत होतं, तिथून सुरुवात. आम्ही न्यू जर्सीत वीस वर्षं राहतोय. पार्सिपनी, हॅकेनसॅक, पॅसेइक ही नावं रोज तोंडात असतात, पण ती इथल्या मूळच्या लेनापे लोकांच्या भाषेतून आली आहेत हे मला या वर्षी कळलं. जमीन कुणाची होती हे आपण राहतो त्या गावाच्या नावातच असतं, आणि आपण विचारलेलंच नसतं.

मग जेम्सटाउन, १६०७: व्हर्जिनियातली इंग्रजांची वसाहत. १६०९-१० च्या हिवाळ्यात उपासमारीने वसाहत जवळजवळ संपली, साठेक माणसं उरली. पुढे तंबाखूने ती तगली, आणि तंबाखूला माणसं लागत होती. इथे वर्गात एक पत्र वाचायला दिलं होतं. जॉन रॉल्फ नावाच्या वसाहतवाल्याने लंडनला कळवलं होतं की एका डच जहाजाने ‘वीस आणि काही’ आफ्रिकी माणसं आणली आणि अन्नधान्याच्या बदल्यात ती घेतली. साल १६१९. लेकीने पहिल्यांदा वाचलं आणि वहीत सरळ उतरवलं, ‘डच जहाज’. दुसऱ्या दिवशी वर्गात कळलं की ते ‘व्हाइट लायन’ नावाचं इंग्रज जहाज होतं, डच परवान्यावर लूटमार करणारं. ती घरी येऊन मला म्हणाली, ‘आई, पत्र खरं आहे, पण त्यात लिहिलंय ते सगळं बरोबर नाही.’ या कोर्सने तिला दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट मला विचारली, तर मी हेच वाक्य सांगेन.

आपल्याकडे ‘टिपा लिहा’, ‘कारणे द्या’ असायचं. कारणं पाच, गुण पाच. मी तशीच शिकले आणि त्यात काही वाईट नव्हतं. इथे डीबीक्यू (डॉक्युमेंट-बेस्ड क्वेश्चन) नावाचा, कागदपत्रांवर आधारलेला एक प्रश्न असतो. सात कागद समोर ठेवतात: पत्र, कायदा, जाहिरात, व्यंगचित्र असं काहीही. त्यांच्या आधारे तासाभरात आपलं म्हणणं मांडायचं. लेकीला पहिल्या डीबीक्यूत सातपैकी दोन गुण मिळाले. तिने प्रत्येक कागदाचा सारांश लिहिला होता, अगदी व्यवस्थित. शिक्षकांनी समासात एवढंच लिहिलं होतं: हे कुणी लिहिलं, कुणासाठी, आणि त्याला काय हवं होतं? त्या दिवशी ती रडली. मार्चपर्यंत ती पाच-सहा गुणांवर आली. मधले महिने जेवणाच्या टेबलावर कागद पसरून आम्ही हेच तीन प्रश्न विचारत बसायचो.

त्यातला एक कागद माझ्या डोक्यातून अजून जात नाही. व्हर्जिनियाचा १६६२ चा कायदा. इंग्रजी रिवाजाप्रमाणे मूल बापाच्या दर्जाचं असायचं. एलिझाबेथ की नावाच्या स्त्रीची आई आफ्रिकी, वडील इंग्रज. त्याच आधारावर ती कोर्टात गेली आणि १६५६ च्या सुमारास स्वतःचं स्वातंत्र्य मिळवून बाहेर पडली. सहा-सात वर्षांत विधिमंडळाने नियमच उलटवला: मुलाचा दर्जा आईवरून ठरेल. एका वाक्याचा कायदा, आणि गुलाम आईच्या पोटी येणारं प्रत्येक मूल जन्मतःच मालकाची मालमत्ता. लेक कितीतरी वेळ त्या ओळीवर पेन्सिल टेकवून बसली होती. मीही काही बोलले नाही.

डिसेंबरात आम्ही डेलावेअर नदीवर गेलो, जिथून इंग्रजांविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धात वॉशिंग्टनने २५ डिसेंबर १७७६ च्या रात्री सुमारे २,४०० सैनिक पलीकडे नेले. पुस्तकात हा शौर्याचा प्रसंग वाटतो. पण तिथे वाऱ्यात उभं राहून लेकीने मला समजावलं की त्याच्याकडे वेळच नव्हता. बऱ्याच सैनिकांची मुदत ३१ डिसेंबरला संपणार होती, नंतर फौजच उरली नसती. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रेंटनमध्ये नऊशेच्या आसपास हेसियन, म्हणजे इंग्रजांनी भाड्याने आणलेले जर्मन, सैनिक कैद झाले. ते सगळ्यांना माहीत असलेलं होडीतल्या वॉशिंग्टनचं चित्र १८५१ चं आहे, आणि त्यात दाखवलेला झेंडा जून १७७७ पर्यंत ठरलेलाच नव्हता. हे तिचं तिने शोधलं.

आणखी एक गंमत वाटली ती साताऱ्याला व्हिडिओ कॉल लावला तेव्हा. इंग्रजांच्या कराच्या निषेधात बोस्टनमध्ये १७७३ साली समुद्रात टाकलेल्या चहाच्या ३४२ पेट्या ईस्ट इंडिया कंपनीच्या होत्या, एवढं लेकीने आजोबांना सांगितलं. आजोबा लगेच म्हणाले, ‘अगं, तीच कंपनी त्याच वर्षांत आपल्याशीही लढत होती.’ जानेवारी १७७९ मध्ये वडगाव मावळला मराठ्यांनी इंग्रजी फौज कोंडून तह करायला लावला. तिकडे १७८१ मध्ये यॉर्कटाउनला अमेरिकनांना शरण गेलेला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला, आणि १७९२ मध्ये टिपूविरुद्ध मराठे त्याच्या बाजूने होते. लेकीने भिंतीवर दोन रंगांत एकच कालरेषा काढली, वर अमेरिका, खाली पुणे. ती अजून तिथेच आहे. शाळेत हा दुवा कुणी शिकवणार नाही. आपल्या घरी मात्र सांगता येतो, आणि मुलांना तो फार लवकर पकडता येतो.

आता खटकलेलं. वेग फार आहे. १४९१ ते १६०७ या पहिल्या कालखंडाला परीक्षेत ४ ते ६ टक्के आणि १७५४ पर्यंतच्या दुसऱ्याला ६ ते ८ टक्के वजन. त्यामुळे आमच्या शाळेत दोन्ही मिळून पाच आठवड्यांत उरकले. १६७५-७६ चं मेटाकॉमचं युद्ध (मेटाकॉम हा मूळ रहिवाशांचा प्रमुख, लढाई इंग्रज वसाहतवाल्यांशी), ज्यात न्यू इंग्लंडमधली कितीतरी गावं जळाली, ते एका तासात झालं. न्यू जर्सीत राज्याच्या १७७६ च्या राज्यघटनेनुसार मालमत्ता असलेल्या अविवाहित स्त्रिया आणि विधवा मतदान करत होत्या आणि १८०७ मध्ये तो हक्क काढून घेतला, हे तर वर्गात आलंच नाही, मला वेगळं वाचताना सापडलं. आमच्याच राज्याची गोष्ट!

आठवड्याला तीस-चाळीस पानं वाचन असतं. ज्या मुलाला वाचायचा कंटाळा आहे, त्याला फक्त कॉलेजच्या अर्जासाठी हा विषय देऊ नका, हाल होतील. ऑक्टोबरमध्ये घाबरून आम्ही एक खासगी ऑनलाइन क्लास लावला. तिथे पाठ करायच्या नोट्स मिळाल्या, सनावळीसकट. दोन महिन्यांत बंद केला, कारण कागद वाचायची सवय त्यातून लागत नाही आणि प्रश्न तर तेवढंच विचारतात.

उपयोग झाला तो नॅशनल आर्काइव्हजच्या ‘फाउंडर्स ऑनलाइन’चा. वॉशिंग्टन, जेफरसन, ॲडम्स यांची पत्रं तिथे फुकट वाचता येतात. ३१ मार्च १७७६ ला ॲबिगेल ॲडम्सने नवऱ्याला, म्हणजे जॉन ॲडम्सला, लिहिलेलं पत्र, ज्यात नवे कायदे करताना बायकांना विसरू नका म्हणून सांगितलंय, ते आम्ही दोघींनी रात्री मोठ्याने वाचलं. नवऱ्याने दिलेलं उत्तरही लगेच वाचायचं, म्हणजे ते हसण्यावारी कसं नेलं ते कळतं.

परीक्षा आता संगणकावर असते, तेव्हा टायपिंगचा सराव हवाच. निकाल जुलैत. माझ्याकडून एकच सुचवणं: आधीच्या उन्हाळ्यात १६०७ ते १७५४ एवढंच निवांत वाचून घ्या, रोज दहा पानं पुरेत. सप्टेंबरात शाळा त्यावरून धावत जाते, आणि अमेरिकेची १७८७ ची राज्यघटना वाचताना त्यात ‘गुलाम’ हा शब्द कुठेच नसताना तीन-पंचमांशाचा हिशोब (प्रतिनिधींची संख्या ठरवताना काही माणसांची संख्या तीन-पंचमांशच धरायचा नियम) कुणाचा मांडलाय, हे त्या वाचनाशिवाय कळत नाही.