मूल्यांची बाजू घ्यावी की हिताची?

परराष्ट्र धोरणात लोकशाही मूल्यांना किती वजन द्यावं, यावर प्रबंध किंवा स्पर्धा परीक्षेच्या मुख्य टप्प्यातला निबंध लिहायचा म्हटलं, की कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या अभ्यासिकांमधली बरीच पोरं थेट राष्ट्रहिताकडे वळतात. पंचशील, अलिप्ततावाद तुम्हाला पाठ असेलच, ते सोडतो. शिवाजी विद्यापीठात असताना मलाही ही निवड करावी लागली होती. विषय होता म्यानमार.

हिताची बाजू मांडायला सोपी, हे मान्य. १९८८ साली भारताने तिथल्या लोकशाही आंदोलनाची उघड बाजू घेतली, पण पुढच्या दशकात दिल्लीने लष्करी राजवटीशी जुळवून घेतलं. १६४३ किलोमीटरची सीमा, ईशान्येतले बंडखोर गट, चीनचा वाढता वावर. कारणं ठोसच आहेत. शिवाय संविधानाचं कलम ५१ शांतता, सन्मानाचे संबंध, आंतरराष्ट्रीय कायदा आणि लवाद यांवर बोलतं. दुसऱ्या देशात लोकशाही रुजवा, असं त्यात कुठेच नाही. तोंडी परीक्षेत हे कलम हमखास कामी येतं.

मला खटकलं ते एवढंच, की राष्ट्रहित कधी हरतच नाही. पाठिंबा दिला तरी हित, काढला तरी हित. पांढरा रस्सा कसा कुठल्याही ताटात चालतो, तसं. त्या बाजूने एक अख्खं प्रकरण लिहून पाहिलं, पण धोरण फसलं असं नेमकं कधी म्हणायचं, ते काही सापडेना. आणि हित कुणाचं? २०२१च्या लष्करी उठावानंतर केंद्राने निर्वासितांना रोखायला सांगितलं, तर मिझोरामने त्यांना आसरा दिला.

मूल्यांच्या बाजूला निदान मोजपट्टी तरी असते. भारतीयांविरुद्धच्या वंशभेदी कायद्यांवरून १९४६ साली, स्वातंत्र्याच्याही आधी, आपण दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला. जून २०२१मध्ये मात्र संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत म्यानमारमधल्या लष्करी उठावाविरुद्धच्या ठरावावर ११९ देश बाजूने उभे राहिले आणि भारत तटस्थ राहिला. या दोन घटना शेजारी ठेवल्या की मांडायला मुद्दा मिळतो.

त्रास इथेही आहेच. ‘मग १९५६ला हंगेरीतला उठाव सोव्हिएत फौजांनी चिरडला, तेव्हा सोव्हिएत रशियाला बोलताना एवढे आढेवेढे का?’ असं कुणीतरी विचारणारच, आणि त्याची तयारी चांगलीच करावी लागते. परीक्षा तोंडावर आली असेल तर हिताची बाजू घ्या, गुणांना फारसा धक्का लागायचा नाही. सवड असेल, तर मी मूल्यांकडे झुकेन.