डीव्हीडीस्टायलर: आईच्या जुन्या प्लेअरसाठी फुकट आणि भरवशाचं सॉफ्टवेअर

डाउनलोड केलेले व्हिडिओ घरच्या डीव्हीडी प्लेअरवर चालावेत म्हणून मी डीव्हीडीस्टायलर वापरते. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. ज्यांच्या घरी अजून डिस्क घालून प्ले दाबणारं माणूस आहे त्यांनी हे जरूर वापरावं.

माझं काम असं होतं: भाचीचं अरंगेत्रम, म्हणजे भरतनाट्यमचा पहिला जाहीर कार्यक्रम, न्यू जर्सीत झालं. भावाने सगळं चित्रण ड्राइव्हवर टाकलं, मी ते उतरवून घेतलं. पण आई देवरुखला. तिच्याकडे पिक्चर ट्यूबचा टीव्ही आणि त्याला जोडलेला डीव्हीडी प्लेअर. "मोबाइलवर ती एवढीशी दिसते गं, पाय कुठे पडतायत तेही कळत नाही," असं आईचं म्हणणं, आणि ते खरंच आहे.

फाइल नुसती डिस्कवर कॉपी करून भागत नाही. मोबाइलवरचं चित्रण बहुतेक वेळा एच.२६४ प्रकारचं, एमपीफोर फाइलमध्ये असतं. साध्या प्लेअरला लागतं एमपेग-२ हा जुना प्रकार, ठरावीक मापाचं चित्र आणि व्हिडिओ_टीएस नावाच्या फोल्डरात नीट लावलेल्या फायली. डीव्हीडीस्टायलर हे सगळं एकाच जागी करतं. व्हिडिओ ओढून आणून खाली सोडायचे, किती मिनिटं भरली ते दिसत राहतं, मग डिस्क बर्न करायची किंवा आधी आयएसओ फाइल (अख्ख्या डिस्कची एका फाइलमधली प्रत) बनवायची. मी कायम आयएसओ बनवते, व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये उघडून बघते आणि मगच डिस्क खर्ची घालते.

सुरुवातीलाच ते टीव्हीच्या चित्राची पद्धत विचारतं: पाल की एनटीएससी? आपल्याकडे पाल असतं म्हणून डोळे मिटून पाल निवडू नका. पाल म्हणजे ७२० बाय ५७६ चित्र, सेकंदाला २५ फ्रेम. एनटीएससी म्हणजे ७२० बाय ४८०, पण सेकंदाला २९.९७ फ्रेम. भावाचं चित्रण सेकंदाला ३० फ्रेमचं. ते पालमध्ये बसवायचं तर दर सहा फ्रेममधली एक गळते. गप्पांच्या किंवा बारशाच्या व्हिडिओत हे कुणाच्या लक्षातही येणार नाही, पण तिल्लाना या शेवटच्या द्रुत नाचात येतं. तिथे पाय इतके भराभर पडतात की गळलेली फ्रेम हिसक्यासारखी दिसते. मी पुन्हा पुसता येणाऱ्या डीव्हीडी-आरडब्ल्यूवर दोन्ही प्रकार करून पाहिले. एनटीएससीमध्ये चित्र किंचित कमी रेखीव, पण पाय तालात. नाचासाठी मी तेच पसंत करीन. एक मात्र तपासा: टीव्ही एनटीएससी स्वीकारणारा हवा, नाहीतर चित्र कृष्णधवल दिसू शकतं किंवा फिरत राहतं. आईचा टीव्ही दोन्ही घेतो.

आवाजासाठी एसी-३ हा प्रकार निवडा. चित्राचा आकार १६:९ ठेवा आणि टीव्ही जुना चौकोनी असेल तर प्लेअरच्या सेटअपमध्ये ४:३ लेटरबॉक्स (वर-खाली काळ्या पट्ट्या) करा. तो प्लेअर रुंद टीव्हीसाठी लावलेला राहिला तर माणसं उंच आणि काडीसारखी दिसतात.

बिटरेट (सेकंदाला किती डेटा वापरायचा ते) 'ऑटो'वर ठेवला की जेवढी मिनिटं घालाल तेवढ्यात ते भागवतं, आणि इथे लोभ आवरावा लागतो. ४.७ जीबीच्या डिस्कवर (विंडोज तीच ४.३७ दाखवतं) अडीच तास कोंबले तर सेकंदाला जेमतेम ४ मेगाबिट वाट्याला येतात आणि हलत्या घोळदार कपड्यांवर चौकटी उमटू लागतात. तोच कार्यक्रम दोन डिस्कवर विभागला की ८ मेगाबिटच्या आसपास मिळतात. मी वर्णम या मधल्या मोठ्या नाचापर्यंतचा भाग एका डिस्कवर आणि त्यानंतरचे पदम, तिल्लाना दुसऱ्या डिस्कवर घेतले. पेनाने वर १ आणि २ लिहिलं, आईला तेवढं पुरतं.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे प्रत्येक व्हिडिओ संपल्यावर काय व्हावं हे ठरवता येतं. टायटलच्या (डिस्कवरच्या प्रत्येक व्हिडिओला ते टायटल म्हणतं) प्रॉपर्टीजमध्ये 'पोस्ट कमांड' असा रकाना आहे. तिथे मुळात शेवटच्या मेनूवर परत जायची आज्ञा असते. त्याऐवजी पुढच्या टायटलवर जायची आज्ञा दिली की अलारिप्पू हा पहिला नाच संपल्यावर पुढचं जतिस्वरम आपोआप सुरू होतं. आईला मध्येच चष्मा शोधून रिमोटवर बाण दाबत बसावं लागत नाही. मेनूची पाटी मी गिंप या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये मोठ्या मराठी अक्षरांत चित्र म्हणून करते आणि पार्श्वभूमी म्हणून लावते.

उणिवाही आहेत. दिसायला जुनाट आहे, आणि व्हीएमजीएम, टायटलसेट असे शब्द कुठलीही ओळख करून न देता समोर येतात. रूपांतराला वेळ लागतो. जुन्या लॅपटॉपवर रात्री लावून झोपावं. ओटीटी ॲपमध्ये उतरवलेले सिनेमे यात चालणार नाहीत, कारण त्या फायली कुलूपबंद असतात.

डिस्कचं आता अवघड झालंय. डिस्क बनवणारी मोझर बेअर कंपनी २०१८ मध्ये अवसायनात गेली, आणि आमच्या इथल्या स्टेशनरीच्या दुकानात रिकाम्या डीव्हीडी मागून घ्याव्या लागतात. मिळतील तेव्हा थोड्या जास्त घेऊन ठेवा आणि कमी वेगावर, ४एक्सला बर्न करा; जुन्या प्लेअरची लेन्स तशा डिस्क जास्त निमूटपणे वाचते असा माझा अनुभव आहे.

तुमच्या प्लेअरला यूएसबी असेल आणि तो एमपीफोर थेट चालवत असेल तर या खटाटोपाची गरज नाही. यूएसबी आहे पण फक्त डिवएक्स हा व्हिडिओचा जुना प्रकार चालतो, असे प्लेअरही बरेच आहेत. त्यांच्यासाठी त्याच जातीची एक्सव्हिड एव्हीआय फाइल करून पेन ड्राइव्हवर दिलं तरी भागतं. आईच्या प्लेअरला यूएसबीच नाही, त्यामुळे मी डीव्हीडीस्टायलरवरच राहणार. पुढची डिस्क आमच्या देवळातल्या कीर्तनांची करायची आहे, आणि ती पालमध्ये, कारण तो कॅमेरा २५ फ्रेमचा आहे.