ओआरएसची बावीस रुपयांची पुडी: चवीला दोन, कामाला पाच

आईच्या मोठ्या आतड्याचं ऑपरेशन झालं आणि नंतर केमो सुरू झाली. केमो म्हणजे कॅपेसिटाबिनच्या गोळ्या. १४ दिवस सकाळ-संध्याकाळ जेवण झाल्यावर घ्यायच्या, मग ७ दिवस सुट्टी. दुसऱ्या सायकलच्या अकराव्या दिवशी जुलाब लागले. त्या आठवड्यात मेडिकलमधून बरंच काही आणलं, त्यातली ही एक ओआरएसची, म्हणजे पाण्यात कालवून प्यायच्या मीठ-साखरेची, पुडी उपयोगी पडली.

आधी माझी चूक सांगतो. घाईत, खोक्यावर मोठ्या अक्षरात ओआरएस छापलेलं सफरचंदाचं तयार पेय आणलं. आईला आवडलं, दुपारपर्यंत दोन संपवली. संध्याकाळी जुलाब आणखी वाढले. डॉक्टरांनी खोकं उलटं करून मागचं वाचायला लावलं. साखर पुडीच्या हिशोबापेक्षा कितीतरी पट! (ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयनं, म्हणजे खाण्यापिण्याच्या मालावर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, असल्या पेयांवर ओआरएस हा शब्द छापायला बंदी घातली. आमच्याकडं आलेलं खोकं त्याच्या आधीचं.)

मग त्यांनी केसपेपरच्या मागं चित्र काढलं. लहान आतड्याला आतून मखमलीसारखी लव असते. लवेच्या बुडाशी खड्डे, त्यात नव्या पेशी तयार होतात, वर सरकतात आणि शेंड्यावरून झडतात. चार-पाच दिवसांत सगळं अस्तर नवं. केमोचं औषध भराभर वाढणाऱ्या पेशी मारतं. ती पेशी कॅन्सरच्या गाठीतली की खड्ड्यातली, हे त्याला कळत नाही. माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे, मला ते लगेच पटलं: माल रोज उठतोय, पण गोडाऊनमध्ये नवा येतच नाही. लव बुटकी होते, पाणी शोषायचं काम मंदावतं. जादा साखर आत जात नाही, आतड्यातच पडून राहते आणि उलट पाणी ओढते. दूध पचवणारं लॅक्टेजही त्या लवेवरच, म्हणून काही दिवस दूध बंद. आईच्या चहावर गदा आली. त्यावरून घरात जे झालं ते इथं लिहीत नाही.

आता पुडी. उरलेल्या पेशी साखर आणि मीठ जोडीनं आत ओढतात आणि त्यांच्यामागं पाणी जातं. म्हणून सगळा खेळ मापाचा. मोठ्या पुडीत एक लिटरसाठी १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सायट्रेट. पाकिटावर डब्ल्यूएचओ (जागतिक आरोग्य संघटना) फॉर्म्युला लिहिलंय का ते बघून घ्या. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या रोग्यांना असंच मीठ-साखरेचं पाणी पाजून जगवलं होतं. इतक्या जुन्या औषधाची पुडी अजून सरळ फाटत नाही, ही माझी पहिली तक्रार. कात्री घ्या, नाहीतर निम्मी पावडर ओट्यावर.

दुसरी तक्रार मापाची. २०० मिलीची छोटी पुडीही मिळते आणि दिसते जवळपास तशीच. बायकोनं पहिल्या दिवशी मोठी पुडी एका पेल्यात कालवली. आई एक घोट घेऊन म्हणाली, "आरं, समुद्राचं पाणी आणलंस काय?" आता पाण्याची लिटरची बाटली ठेवलीय, मार्करनं रेघ मारून. उकळून गार केलेलं पाणी घ्यायचं, २४ तासांत संपलं नाही तर ओतून द्यायचं. पेलाभर एकदम पाजू नका, उलटी होते. चमच्या-चमच्यानं दिलं की राहतं. दुसऱ्या दिवशी दुपारी आईनं स्वतः उठून खिडकी लावली.

हेही सांगतो, यानं जुलाब थांबत नाहीत. अंगातलं गेलेलं पाणी आणि क्षार तेवढे भरून निघतात. नेहमीपेक्षा चार-पाच वेळा जास्त संडासला जावं लागलं किंवा ताप आला, तर पुडी कालवत बसू नका, दवाखान्यात फोन करा. आमच्या गोळ्या डॉक्टरांनी सहा दिवस बंदच ठेवल्या होत्या.

संत्र्याची चव घेऊ नका, तोंड आलेलं असेल तर झोंबते. साधी मिळाली तर साधी, नाहीतर लिंबाची.