खेकड्याची सुटी होणारी प्रतिकृती: नांगी उत्तम, छाती अपुरी

कनिष्ठ महाविद्यालयातील जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेसाठी आम्ही खेकड्याची भाग सुटे करता येणारी प्लास्टिकची प्रतिकृती मागवली. संधिपाद (सांधेदार पायांच्या) प्राण्यांचे कवच म्हणजे केवळ चिलखत, स्नायूंचा आधार नव्हे, हा विद्यार्थ्यांचा समज दूर व्हावा हा हेतू होता. वर्षभराच्या वापरानंतर हा अभिप्राय लिहीत आहे.

नांगी मला मनापासून आवडली. तिचे झाकण काढले की आत एक चपटे पाते दिसते. त्याला अपोडेम म्हणतात आणि ते वेगळे हाड नसून, कवचच सांध्यापाशी आत वळून तयार झालेले असते. चिंबोरीचा डेंगा फोडून खाताना मांसातून जे अर्धपारदर्शक, ताठ पाते निघते, ते हेच. नांगी मिटणारा स्नायू उघडणाऱ्या स्नायूपेक्षा बराच मोठा असल्याने त्याचे पातेही रुंद असते, आणि स्नायूचे तंतू पात्याच्या दोन्ही अंगांना तिरकस चिकटल्यामुळे आखूड जागेत अधिक तंतू मावून पकडीला जोर येतो. हे सारे बारकावे येथे अचूक उतरले आहेत. दोरी ओढताच हलते बोट मिटते, तेव्हा वर्गात वेगळे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही.

छातीने मात्र निराशा केली. खऱ्या खेकड्यात आत वळलेल्या कवचाच्या पातळ भिंतींची जाळी असते व तिच्या कप्प्यांत पायांचे स्नायू रोवलेले असतात. प्रतिकृतीत पाय नुसत्या पोकळ डब्याला चिकटवले आहेत. हृदय तळाशी बसवले आहे, जे प्रत्यक्षात पाठीच्या कवचाखाली, रक्ताने भरलेल्या पोकळीत बंधांनी तोललेले असते. कल्ले योग्य जागी आहेत.

माहितीपत्रकात कात टाकलेला खेकडा आधाराविना लुळा पडतो असे छापले आहे. ते चूक आहे. अमेरिकेतील निळ्या खेकड्यावर प्रयोग करून टेलर आणि किअर या संशोधकांनी २००३ मध्ये दाखवून दिले की कवच मऊ असताना शरीरातील द्रवाचा दाबच स्नायूंना आधार देतो. विक्रेत्याला हे कळवले, पण उत्तर आले नाही.

केवळ नांगीसाठी घ्यायची असेल तर जरूर घ्यावी. छाती शिकवताना आम्ही बाजारातील चिंबोरीचे धुऊन वाळवलेले धड शेजारी ठेवतो.