आठवा हेन्री: सात जगांचा संच घ्यावा की दोन कानांचा एकच जग?

इथे जग म्हणजे माणसाच्या रूपात घडवलेले मातीचे भांडे (इंग्रजीतला jug), आणि कान म्हणजे त्याची धरायची मूठ. टोबी जगात अख्खा माणूस असतो, कॅरेक्टर जगात केवळ डोके आणि खांदे. इंग्लंडमधील बर्स्लेमच्या रॉयल डॉल्टन कंपनीने इंग्लंडचा सोळाव्या शतकातला राजा आठवा हेन्री या दुसऱ्या प्रकारात एकाहून अधिक वेळा घडवला. संग्रह करू पाहणाऱ्याला त्यातले दोन पर्याय खरोखर तोलून पाहावे लागतात.

पहिला पर्याय १९७५ पासूनच्या मोठ्या आकाराच्या संचाचा. त्यात राजा आणि त्याच्या सहा राण्या असे सात जग आहेत, आणि कॅथरीन पार १९८१ साली आल्यावर तो पुरा झाला. या संचाचे खरे वैभव कानांत आहे, कारण प्रत्येक राणीची कथा तिच्या जगाच्या कानावर कोरलेली आहे. अ‍ॅन बोलीनच्या जगाला कुऱ्हाड आणि शिरच्छेदाच्या ठोकळ्याचा कान आहे, जरी १५३६ साली तिचा शिरच्छेद प्रत्यक्षात तलवारीने झाला होता; कुऱ्हाड शोभते ती कुऱ्हाडीनेच शिरच्छेद झालेल्या कॅथरीन हॉवर्डला, आणि तिच्या जगालाही ती आहेच. अ‍ॅन ऑफ क्लीव्ह्जच्या जगाला घोड्याच्या डोक्याचा कान आहे. आरंभीच्या नगांत त्या घोड्याचे कान ताठ उभे होते, पण ते वारंवार तुटू लागल्याने पुढे डोक्याला चिकटलेले केले गेले, म्हणून उभ्या कानांच्या नगाला संग्राहक अधिक मान देतात.

दुसरा पर्याय १९९१ सालचा, हेन्रीच्या जन्माला ५०० वर्षे झाली तेव्हाचा. हा एकच जग, दोन कानांचा, आणि सहाही राण्या त्या दोन कानांवर तीन-तीन अशा बसवलेल्या. तो मोजून १,९९१ नगांपुरता काढला होता. जागा कमी असेल किंवा मर्यादित आवृत्तीचे आकर्षण असेल, तर हाच योग्य. मात्र राण्यांचे चेहरे इतके लहान होतात की त्यांची ओळख पटवायला जग डोळ्यांजवळ धरावा लागतो.

माझा कौल संचाला आहे, आणि तोही एकेक जग निवडून जमवण्याला. घाई करू नये. जग तळहातावर ठेवून बोटाने हलकेच टिचकी मारावी. आवाज बद्द आला तर कुठेतरी केसासारखी चीर असण्याचा संभव असतो. अतिनील टॉर्चखाली नंतर चढवलेला रंग बहुधा वेगळा चमकतो. आणि अ‍ॅन ऑफ क्लीव्ह्जचा उभ्या कानांचा नग समोर आला, तर पैसे मोजण्याआधी त्या दोन्ही टोकांवरून बोट फिरवून पाहावे.