व्हॉल्व्ह की ट्रान्झिस्टर : कुठला अँप जास्त टिकतो?

अँप म्हणजे अँप्लिफायर, स्पीकरला ताकद देणारा डबा. तो घ्यायचा असेल तर आधी घरात गाणं रोज किती तास वाजतं ते मोजा. सगळं गणित तिथून सुरू होतं.

व्हॉल्व्ह, म्हणजे जुन्या रेडिओत असायची ती तापून चालणारी काचेची नळी, झिजतो. आतल्या कॅथोड नावाच्या भागावरचा लेप तापून इलेक्ट्रॉन सोडतो आणि तासागणिक कमजोर होत जातो. ईएल३४सारखे, स्पीकर चालवणारे आउटपुट व्हॉल्व्ह साधारण १,५०० ते ३,००० तास चालतात. रोज दोन तास म्हणजे वर्षाला ७३० तास, म्हणून दोन ते चार वर्षांत नवी जोडी लागते. ईसीसी८३सारखे छोटे व्हॉल्व्ह १०,००० तासही जातात. पण व्हॉल्व्ह सॉकेटमध्ये बसतो. जुना काढायचा, नवा लावायचा, गरज असेल तिथे जाणकाराकडून बायस (व्हॉल्व्हमधून वाहणारा प्रवाह ठरवणारी जुळणी) जुळवून घ्यायचा. स्लोवाकिया, रशिया आणि चीनमध्ये ते आजही बनतात. ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या घरचा आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ कंडेन्सर (वीज साठवणारे छोटे भाग) बदलल्यावर पुन्हा वाजू लागला. ट्रान्सफॉर्मर मूळचाच आहे.

ट्रान्झिस्टर, म्हणजे व्हॉल्व्हचंच काम करणारा छोटा इलेक्ट्रॉनिक तुकडा, असा झिजत नाही. त्या अँपमध्ये आधी दमतात ते इलेक्ट्रोलिटिक, म्हणजे आत द्रव असलेले कंडेन्सर. पंधरा-वीस वर्षांनी ते सुकू लागतात. तापमान १० अंशांनी उतरलं की त्यांचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, म्हणून अँप बंद कपाटात कोंडू नका. (व्हॉल्व्ह अँपमध्येही हेच कंडेन्सर असतात, आणि जास्त उष्णतेत.) मला खरी धास्ती सुट्या भागांची वाटते. जुन्या अँपमधलं एसटीके मॉड्यूल (स्पीकर चालवणारं सगळं सर्किट एकाच तुकड्यात) जळलं की अस्सल मिळणं कठीण, बाजारात नकलाच फार. हल्लीच्या छोट्या डिजिटल अँपमध्ये तर बहुतेकदा अख्खा बोर्डच बदलावा लागतो.

ठाण्याच्या पावसाळ्यात दोघांचेही हाल होतात. खाडीकडच्या दमट हवेने व्हॉल्यूमचा कंट्रोल खरखरतो, रिलेचे (आतल्या विजेवर चालणाऱ्या स्विचचे) आणि सॉकेटचे कॉन्टॅक्ट काळवंडतात. मी दर दिवाळीआधी कॉन्टॅक्ट क्लीनर मारतो. ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला आणि संरक्षण सर्किट नसेल, तर स्पीकरही जळू शकतो. व्हॉल्व्ह अँपमध्ये स्पीकरच्या आधी आउटपुट ट्रान्सफॉर्मर असल्याने हा धोका फार कमी. मात्र त्याचं झाकण स्वतः उघडू नका, बंद केल्यावरही आत ३००-४०० व्होल्ट साठलेले असू शकतात.

दिवसभर टीव्ही आणि गाणी चालणाऱ्या घरात ट्रान्झिस्टरच घ्या. रात्री तासभर मन लावून ऐकणार असाल तर माझं मत व्हॉल्व्हला. जुना व्हॉल्व्ह अँप घेताना विक्रेत्याला दोनच गोष्टी विचारा : आउटपुट व्हॉल्व्ह किती तास चालले आणि कंडेन्सर कधी बदलले.