६५० मिलीमीटर म्हणजे नेमकं किती? थार फोर बाय फोर आणि कराडकडचं पाणी

गाडी थार डिझेल, मॅन्युअल, हार्डटॉप, फोर बाय फोर. मायलेज, मागची सीट, हायवेवरची चाल यावर सगळीकडे भरपूर लिहून झालंय, ते सोडून देतो. माझं काम सोलर पंप बसवायचं. मुक्काम कराडला, आणि गिऱ्हाइकं पाटणच्या वाड्यांपासून तिकडं खटाव-माणपर्यंत, खाली पलूस-वाळव्यापर्यंत पसरलेली. जून ते ऑक्टोबर या पट्ट्यात पाणी चुकत नाही. म्हणून फक्त पाण्याबद्दल लिहितो.

कंपनी पाण्यात उतरायची खोली ६५० मिलीमीटर सांगते, ग्राउंड क्लिअरन्स २२६. आता २५५/६५ आर १८ टायरची उभी उंची भरते साधारण ७९ सेंटीमीटर. म्हणजे ६५ सेंटीमीटर पाण्यात चाकाचा वरचा जेमतेम चौदा सेंटीमीटर भाग बाहेर राहतो. काठावर उभं राहून बघितलं तर हे पाणी चांगलंच दिसतं. माझ्या लेखी हा आकडा साचलेल्या पाण्याचा आणि टणक तळाचा. वाहत्या पाण्यात मी चाकाच्या मध्यापर्यंत, म्हणजे गुडघ्याच्या खालीच थांबतो.

कारण साधं आहे. गाडीची लांबी चार मीटरला किंचित कमी, रुंदी १.८२ मीटर. पाणी फ्लोअरच्या वर चढलं की दर दहा सेंटीमीटरला गाडी काहीशे किलोंनी हलकी होते. आत पाणी शिरेपर्यंत ती बुडत नाही, तरंगायला बघते. चाकावरचा भार गेला की चारही चाकं फिरली काय आणि दोन फिरली काय. त्यात पाण्याचा वेग दुप्पट झाला की रेटा चौपट. ‘फोर बाय फोर हाय, घाल की’ म्हणणारे काठावरच उभे असतात, हेही लक्षात ठेवा.

या गाडीत मला सगळ्यात उपयोगी पडलेली वस्तू गाडीबरोबर आलेली नाही. वेळूची काठी, तिला ४५ आणि ६० सेंटीमीटरवर लाल इन्सुलेशन टेप. काठीनं खोली कळते, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे तळ कळतो. दगडावर काठी टणकन वाजते, वाळूत रुतते, गाळातून वर काढताना ओढ लागते.

पाटणकडं, मोरणेच्या खोऱ्यात वगैरे, ओढ्यांचा तळ गोट्यांचा. पाणी स्वच्छ, त्यामुळं खोली कमी भासते, आणि गोट्यांवर शेवाळ. इथं लो रेंजचं (चाल कमी, ताकद जास्त) खरं काम. काठावर गाडी पूर्ण थांबवायची, क्लच दाबून फोर एल (चारही चाकं, लो रेंज) टाकायचा, दुसरा गिअर, आणि पलीकडं जाईपर्यंत क्लचला पाय लावायचा नाही. वेग भराभर चालणाऱ्या माणसाएवढा. या वेगाला बंपरपुढं पाण्याची एक लाट तयार होते आणि तिच्यामागं, इंजिनाच्या जागी, पातळी थोडी खाली राहते. जोरात घातली की लाट बॉनेटवर चढते; मध्येच थांबलात की सगळं पाणी इंजिनात माघारी. उतरायच्या आधी एसी बंद (पंखा फिरत राहू नये म्हणून), काच खाली, बेल्ट काढलेला, आणि टोईंगचा दोर आधीच हुकाला अडकवून ठेवलेला. पाण्यात हात घालून हुक शोधायची वेळ येऊ नये.

घाट उतरून आल्या आल्या थंड पाण्यात गाडी घालू नका. अॅक्सल तापलेला असतो, आतली हवा गार होऊन आकसते आणि ब्रीदरमधून (आतली हवा आत-बाहेर जायची बारीक नळी), सीलमधून पाणी ओढून घेते. मी दहा-पंधरा मिनिटं थांबतो. तेवढ्यात काठी फिरवून होते. दोन्ही अॅक्सलच्या ब्रीदरच्या नळ्या वाढवून बॉनेटखाली वर नेऊन बांधल्यात. खर्च किरकोळ, आणि माझ्या मते स्नॉर्केलच्या (इंजिनाला उंचावरून हवा देणारी नळी) आधी करायचं काम हेच.

कोयनेच्या पात्राजवळ मात्र काठीचा उपयोग नाही. धरणाचा विसर्ग वाढला की तासाभरापूर्वीचं माप खोटं. तिथं भोंगा आणि तलाठ्यांचा निरोप ऐकायचा, आणि बॅरिकेड लावलेल्या पुलावर गाडी घालायची नाही. यावर चर्चाच नको.

खाली कृष्णाकाठी पाण्याची जातच वेगळी. कृष्णा चढली की ओढ्यांचं पाणी नदीत जात नाही, फूग मागं सरकत रानात येते. सांगलीत ‘आयर्विनला किती?’ (म्हणजे आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी किती) हा प्रश्न पोरंसुद्धा विचारतात: ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका. २०१९ ला ५७ च्या वर गेलं होतं. फुगीच्या पाण्याला ओढ नसते, म्हणून माणूस गाफील राहतो. पण दोन्ही बाजूला ऊस, मध्ये मातकट पाण्याचा पाट, रस्त्याची कड कुठं संपते ते दिसत नाही, आणि मोरीचा भराव आतून वाहून गेला असेल तर वरून काहीच कळत नाही. इथं पुढं एक माणूस काठी घेऊन चालतो, मी मागून. माणूस जाऊ शकत नसेल तिथं गाडीही नाही.

ऊसपट्ट्यातला आणखी एक त्रास म्हणजे पाचट. पाण्यावर तरंगणारं पाचट रेडिएटरपुढच्या जाळीवर चटईसारखं बसतं. बाहेर आलो की इंजिनाच्या तापमानाचा काटा वर चढलेला. आता बाहेर पडल्यावर पहिलं काम हातानं जाळी साफ करणं. वाहून आलेल्या ठिबकच्या नळ्या तर याहून वाईट. एकदा गाडीखालून फटफट आवाज आला, खाली झोपून बघितलं तर प्रोपेलर शाफ्टला (चाकांकडं ताकद नेणारा फिरता दांडा) सोळा एमएमची लॅटरल, म्हणजे ठिबकची नळी, सुताच्या रिळासारखी गुंडाळलेली. कोयता मारून काढली. शाफ्टच्या टोकाला सील असतं, ते बघून घेतलं. तेव्हापासून कोयता सीटखाली असतो.

आणि गावातून जाताना वेग आणखी कमी. आपली लाट लोकांच्या उंबऱ्यावर जाते. ‘पाव्हणं, दमानं! पाणी घरात येतंय!’ ही हाक रास्त आहे.

पूर्वेला येरळा, माणगंगा. वर्षातले बरेच महिने कोरड्या, आणि परतीच्या पावसात वर कुठंतरी ढगफुटीसारखं झालं की इथं ऊन असताना पाणी येतं. खोली कमी, वेग भयंकर, रंग चहाचा. वरून वाळूउपशाचे खड्डे. एका ओढ्यावर मेंढरं राखणाऱ्या म्हाताऱ्यानं हात आडवा केला, ‘सायेब, हितं नगा घालू, परवा वाळू उपसलीया.’ काठी घातली तर अख्खी आत गेली. असल्या ठिकाणी मी वळसा घेतो किंवा बसून राहतो. हे लोंढे बहुतेकदा काही तासांत ओसरतात.

स्नॉर्केलबद्दल सगळे विचारतात. मी बाहेरून बसवून घेतला, दुकानाचं नाव देत नाही. घरी आल्यावर इंजिन आयडलला ठेवून वरच्या तोंडावर ट्रॅक्टरच्या ट्यूबचा तुकडा दाबून धरला. हवा तुटून इंजिन गुदमरायला हवं होतं, ते मजेत चालू. म्हणजे खालच्या जोडातून हवा येत होती, आणि जिथून हवा येते तिथून पाणीही येणार. जोड उघडून सीलंट लावून, क्लॅम्प बदलून पुन्हा बसवायला लावला. नंतर ट्यूब दाबली की दोन सेकंदांत बंद. तुम्ही बसवलात तर पैसे द्यायच्या आधी ही परीक्षा करा. आणि स्नॉर्केल फक्त हवेची वाट उंच करतो. वायरिंग, अल्टरनेटर, तरंगणं, सगळं जिथल्या तिथंच राहतं.

पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. ओढून बाहेर काढायची, मेकॅनिकला बोलवायचं. साध्या विम्यात हे नुकसान सहसा बसत नाही, इंजिन प्रोटेक्टचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं. मी पॉलिसीतलं ते कलम एजंटाकडून वाचून घेतलं, मग सही केली.

बाहेर आल्यावर ब्रेक हलके दाबत थोडं अंतर चालवून सुकवायचे. मागं ड्रम असलेली कुठलीही गाडी गाळात गेली की ड्रम उघडून धुवावेच लागतात, नाहीतर गाळ ब्रेकचं लायनर घासून खातो. खोल पाणी झालं की डिफरन्शियलचा ड्रेन प्लग किंचित सैल करून पहिला थेंब बघतो. पाणी जड, ते आधी येतं. ऑइल दुधाळ दिसलं की त्याच दिवशी बदली.

सध्या टायर निम्मे झिजलेत. पुढचे ए.टी.च (ऑल टेरेन) घेणार. एम.टी. (मड टेरेन) गाळात भारी, पण माझं निम्मं धावणं कराड-विटा डांबरावर, आणि ओल्या डांबरावर मला ए.टी. जास्त भरवशाचे वाटतात.